न्यूटच्या पिल्लाचा पाय

पुण्याची मैत्रीण परदेशी निघाली, तेव्हा तिची न्यूटची जोडी दौंडला माझ्याकडे आली. न्यूट दिसतो पालीसारखा, पण बेडकाच्या गोतातला. त्याला गार पाणी लागतं. माझे सासरे, आमचे आबा, पहिल्याच दिवशी म्हणाले, "लोकं पाली हाकलत्यात, आन् तू पाळतीस व्हय?"

कुरकुंभच्या कंपनीतून शिफ्ट करून आले, की टाकीत बर्फाची बाटली सोडायची आणि मोबाइलला मॅक्रो लेन्स लावून बसायचं, असं माझं सुरू झालं. मादीने पाणवेलीच्या पानांत एकेक अंडं दुमडून ठेवलं होतं. आत मोहरीएवढं पिल्लू वळवळताना दिसायचं. एका सकाळी फोटो मोठा करून पाहिला. मादीच्या तोंडात तिचंच अंडं होतं.

उरलेली अंडी मी लगेच वेगळ्या डब्यात काढली. नऊ पिल्लं निघाली. मानेशी पिसांसारखे कल्ले, मग इवले पुढचे पाय. पाय फुटून चार दिवस झाले नसतील, तर एका फोटोत पिल्लाचा उजवा पाय खांद्यापासूनच गायब! भावंडानंच तोडला होता. मी एवढ्यानं ओरडले, की आबा ओट्यावरून धावत आले.

"काय झालं गं?"

"पाय खाल्ला हो त्याचा!"

त्या पिल्लाला मी एकटं ठेवलं. मरणारच, असं धरून रोज एक फोटो काढत राहिले. आठवड्याने तिथे बारीक कोंब आला. पुढे त्या कोंबाला बोटं फुटली. डाव्या पायासारखीच चार. मी पुन्हा पुन्हा मोजली. मग आबांपुढे मोबाइल धरला.

"दुसरंच पिल्लू न्हाई ना ह्ये?"

"तेच आहे आबा. हे बघा, सगळे फोटो ओळीने."

त्यांनी मोबाइल डाव्या हातात घेतला. उजव्या हाताची दोन बोटं गुऱ्हाळाच्या चरकात गेली होती, माझं लग्न व्हायच्या आधी. घरात त्यावर कुणी बोलत नसे. ते एकेक फोटो सरकवत राहिले.

"डाक्टरला दावलंस का ह्ये?"

 "आबा, माणसाचं तसं होत नाही," मी कशीबशी म्हणाले.

"ठावं हाय मला," आबा म्हणाले. "तरी दाव."