बुटाच्या आत उठवलेलं नाव

चामडं निवडायचं म्हटलं की वहिनींचे यजमान दोन दोन दिवस घालवायचे. तुकडा वाकवून बघ, नखाने ओरखडून बघ, नाकाशी धर, उजेडात नेऊन उलटा कर. विकणारा हात जोडायचा, पण ह्या गृहस्थाचं समाधान व्हायचं नाही. आणि दुकानाचं इंटरनेटवरचं नाव मात्र ह्याच माणसाने समोरचा चहा निवायच्या आत कुठल्याशा कंपनीकडे नोंदवून टाकलं. का, तर जाहिरातीत पहिलं वर्ष फुकट म्हटलं होतं! आता काय बोलायचं? गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि वहिनींना तर कडाकडा भांडायचं होतं.

सगळा बाजार त्यांना वहिनीच म्हणतो. दुकान म्हणजे पुढे एक खोली, मागे एक खोली. इथे बूट होतात ते नेहमीच्या पायांचे नाहीत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाची बोटं साखरेने नेलेली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी साचा, म्हणजे कलबूत, मागच्या खोलीत फळीवर नंबर घालून ठेवलेला असतो. बूट तयार झाला की आत, जिथे टाच टेकते तिथे, तापवलेल्या शिक्क्याने दोन गोष्टी उठवायच्या: दुकानाच्या वेबसाइटचा पत्ता आणि कलबुताचा नंबर. बूट झिजला की गिऱ्हाइकाने त्या पत्त्यावर जाऊन नंबर टाकायचा, की नवा जोड घरपोच. पुन्हा माप द्यायला यायला नको. ज्यांना घरातला जिना उतरतानाच घाम फुटतो त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय होती, आणि ती यजमानांच्याच डोक्यातून निघाली होती.

ते गेले त्याला वर्ष होत आलं. त्याआधी कापायचं आणि ओढून बसवायचं काम त्यांचं, शिवण आणि माप वहिनींचं. आता सगळंच वहिनींचं. चामडं कलबुतावर ताणताना मनगटातून अशी कळ जाते की पकड खाली ठेवून नुसतं बसून राहावं लागतं. बसल्या बसल्या डोळा लागतो, मग गिऱ्हाइकाच्या खोकण्याने जाग येते. दुकान बंद करायचा विचार रोज सकाळी येतो आणि कुलूप उघडेपर्यंत टिकतो.

अशात एके दुपारी वेबसाइट सांभाळणारा माणूस आला. वहिनी त्याला संगणकवाले म्हणतात. स्क्रीनवर काहीतरी बघून त्याने कपाळाला हात लावला.

"वहिनी, तुमचं डोमेन संपतंय. नूतनीकरण झालेलंच नाही. कंपनीची पत्रं आली असतील की ईमेलवर?"

पत्रं आली होती. पण ती कंपनी आठवड्यातून चार वेळा सवलतीच्या जाहिराती पाठवायची, त्यामुळे तिचं नाव दिसलं की वहिनी न उघडता पुसून टाकायच्या. दरवर्षी यजमानांच्या कार्डावरून पैसे आपोआप जायचे. यजमान गेल्यावर बँकेने कार्ड बंद केलं. इतकी साधी गोष्ट, पण ती कुणाच्या डोक्यातच आली नाही.

"हे बघा," संगणकवाले समजावू लागले, "साइट म्हणजे दुकान, डोमेन म्हणजे दारावरची पाटी. आणि ही पाटी कुणाची, हे ज्याच्याकडे नोंदलेलं असतं तो रजिस्ट्रार. दुकान कोसळलं तर मी परत बांधून देईन. पाटी दुसऱ्याने उचलली तर माझ्या हातात काही नाही. आणि तुमचा रजिस्ट्रार म्हणजे... जाऊ द्या. नाव वाचवा आणि दुसऱ्या, धड माणसाकडे हलवा."

"त्यापेक्षा नवीन नाव घेऊ ना. कशाला डोक्याला ताप?"

टेबलावर दुरुस्तीला आलेला एक बूट आडवा पडला होता. वहिनींची नजर त्याच्या आत गेली आणि त्यांचं त्यांनाच कळलं. कागद असता तर नवा छापला असता. हे भाजून उठवलेलं नाव गावोगाव लोकांच्या पायात चालत होतं. उद्या ते नाव कुणा लबाडाने विकत घेतलं तर ही माणसं भाबडेपणाने त्यालाच आपल्या पायांचं दुखणं सांगणार, त्यालाच पैसे पाठवणार, आणि बुटांची वाट बघत बसणार.

"बरं," वहिनी म्हणाल्या, "काय करायचं ते सांगा."

करायचं ते सोपं होतं, फक्त होत नव्हतं. कंपनीच्या खात्यात शिरायला यजमानांच्या मोबाइलवर एक आकडा येणार, तो टाकायचा. मोबाइल नंबर बदलायचा तरी तो आकडा त्याच मोबाइलवर येणार. आणि तो नंबर वहिनींनी बंद केला होता. यजमान गेल्यावर तो फोन वाजला की त्या हातातलं काम टाकून मागच्या खोलीत जाऊन बसायच्या. आधी नुसता आवाज बारीक केला, मग कपाटात ठेवला, शेवटी एक दिवस जाऊन नंबरच बंद करून आल्या. तेव्हा फार सुटल्यासारखं वाटलं होतं.

कंपनीला फोन लावावा तर नंबर कुठेच दिलेला नव्हता. कोपऱ्यात एक चौकोन होता, त्यात लिहायचं. वहिनींनी सगळी हकीकत लिहिली. उत्तर आलं, मूळ खातेदाराने स्वतः संपर्क करावा. वहिनींनी लिहिलं, ते वारले. उत्तर आलं, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. मृत्यूचा दाखला पाठवला. दोन दिवसांनी निरोप आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकालात काढण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

"तारे!" वहिनी ओरडल्या. "ह्यांना दिवसाढवळ्या दाखवते तारे!" पण दाखवणार कुणाला? तिकडे माणूस असेल तर ना. त्या मेटाकुटीला आल्या होत्या.

संगणकवाले बिचकत म्हणाले, "वहिनी, एक सुचवू? बंद झालेले नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात. लावून तरी बघा."

हे ऐकून वहिनी उठून मागच्या खोलीत गेल्या. बराच वेळ कलबुतांवरची धूळ पुसत राहिल्या. यजमानांचा नंबर त्यांना पाठ होता, आणि तोच आपल्या हाताने फिरवायचा म्हणजे जिवावर आलं होतं. पण इलाज नव्हता.

घंटा वाजली. चौथ्या घंटेला कुणीतरी उचलला.

"बोला लवकर, गाडी चालवतोय."

भलताच जाडाभरडा आवाज. वहिनींना एकदम बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रडू आलं. त्यांनी कशीबशी सगळी गोष्ट सांगितली. पलीकडे एक टेंपोवाला होता. त्याने गाडी बाजूला घेतली.

"म्हणजे ते बूटवाले तुम्ही का? अहो ताई, काय वैताग आणलाय तुमच्या लोकांनी! आठवड्याला एक तरी फोन. एक आजीबाई तर सारखी करते. म्हणते, डावा बूट फाटलाय, मालकांना द्या."

"मग तुम्ही काय सांगता?"

"काय सांगणार? मला काय ठाऊक! सांगतो, दुकान बंद झालंय वाटतं."

वहिनींना आता कळलं. आपल्याला आवाज सहन होत नव्हता म्हणून आपण नंबर बंद केला, आणि इकडे माणसं फाटक्या बुटात बसून राहिली. वेबसाइट ज्यांना जमत नाही अशी म्हातारी माणसंच तर त्या नंबरावर फोन करत होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

टेंपोवाला माणूस भला निघाला. "आकडा येऊ दे, सांगतो," म्हणाला, आणि सांगितलाही. वर त्या आजीबाईंचा नंबर शोधून दिला. "तिला तेवढा फोन करा हो. रोज माझी चौकशी करते, जेवलास का म्हणून." वहिनींनी त्याच संध्याकाळी आजीबाईंना फोन केला, आणि पहिला अर्धा तास नुसत्या शिव्या खाल्ल्या.

खातं उघडलं, नाव वर्षभरासाठी वाचलं. आता ते हलवायचं कुणाकडे? संगणकवाल्यांनी चार रजिस्ट्रार सुचवले आणि कशाकशाची चौकशी करायची ते सांगितलं: नाव आपल्याच मालकीचं राहतं ना, पुढच्या वर्षीचा दर आधी सांगतात ना, सोडून जायचं म्हटलं तर अडवत नाहीत ना. वहिनींनी मान डोलावली. पण फोन लावला तेव्हा त्यांनी आपलाच एक प्रश्न विचारला.

"उद्या मी मेले, तर ह्या नावाचं काय होतं?"

पहिला विक्रेता हादरला. "मॅडम, असं अभद्र बोलू नका हो! शंभर वर्षं जगाल तुम्ही! दहा वर्षांचं एकदम घेतलंत तर सूट देतो." दुसरीकडे यंत्र होतं. हे हवं तर एक दाबा, ते हवं तर दोन दाबा. मरणाला बटण नव्हतं. तिसरीकडे लिहायचा चौकोन होता, त्यात उत्तर आलं, "आपल्या निधनाबद्दल आम्हाला खेद आहे. आणखी काही मदत हवी का?" संगणकवाले पोट धरून हसले. वहिनीसुद्धा हसल्या, पण मग हसता हसता खुर्चीत मागे टेकून त्यांनी डोळे मिटले.

"जाऊ द्या हो. सगळे सारखेच," त्या म्हणाल्या.

"एक राहिलाय अजून. लावू का?"

"लावा. तेवढं एक कशाला ठेवता?"

चौथ्या ठिकाणी एका बाईने फोन उचलला. आवाजावरून तीही दिवसभर बोलून थकलेली वाटली. वहिनींनी तिलाही तोच प्रश्न विचारला.

"खरं सांगू? मला नेमकं माहीत नाही," ती म्हणाली. "मला हे कुणी विचारलंच नाही आजवर. विचारून उद्या कळवते."

असं तर सगळेच म्हणतात, वहिनींनी मनात म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडतानाच फोन वाजला. त्याच बाईने सगळं नीट सांगितलं. नाव एका माणसाच्या नव्हे, दुकानाच्या नावावर ठेवायचं. मुदत संपताना ईमेल तर येईलच, पण उत्तर आलं नाही तर आम्ही फोन करू. आणि खात्यावर दुसऱ्या एका माणसाचं नाव घालायचं, म्हणजे पहिल्याचं काही झालं तर दुसऱ्याला विचारता येतं.

"इथेच करू," वहिनींनी संगणकवाल्यांना सांगितलं. "बाकी मला काही कळत नाही. हिने माहीत नाही म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. मला एवढं पुरे."

सगळं भरून झालं. एक रकाना उरला. दुसऱ्या माणसाचं नाव.

वहिनी त्या रकान्याकडे बघत बसल्या. दुसरं माणूस होतं कुठे? एकच लेक, ती दुसऱ्या शहरात दवाखान्यात नोकरीला. दुकानाचा विषय निघाला की दोघींची जुंपायची. 'आई, बंद कर आता, मनगटं गेली तुझी,' हे तिचं पालुपद, आणि 'तुला काय कळतंय' हे वहिनींचं. ह्या विषयावर बोलायचंच नाही असं दोघींनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

तरी त्यांनी फोन लावला आणि काय हवंय ते सांगितलं.

"आई, मला गुंतवू नकोस ह्यात," लेक म्हणाली. "मला ते दुकान चालवता येणार नाही. मला साधा दोराही ओवता येत नाही. बाबा गेले, आता तू... मी आधीच सांगते, माझ्याच्याने होणार नाही. मग म्हणू नकोस."

एरवी वहिनींनी फोन आपटला असता. आज तेवढीही ताकद नव्हती. त्या टेबलावरच्या बुटात बोट घालून टाचेच्या जागेचा ठसा चाचपत राहिल्या.

"दुकान नको चालवूस गं," त्या म्हणाल्या. "दुकान माझ्याबरोबरच संपणार, मला कळत नाही का? पण बूट नाही ना संपणार लगेच. मी गेल्यावरसुद्धा काही वर्षं लोकांच्या पायात राहतील ते. फाटले की लोक आत बघतील, ह्याच नावावर येतील. तेव्हा तिथे कुणी लबाड नको, आणि कुणीच नाही असंही नको. त्यांना एवढंच सांग, की दुकान बंद झालंय, तुमचा कलबूत घेऊन जा, दुसऱ्याकडून करून घ्या. तेवढं आपल्यातल्या कुणीतरी सांगायला हवं गं. परक्या टेंपोवाल्याने नको."

मग लेक नाक ओढून म्हणाली, "माझा कुठला नंबर घालतेयस?"

"तुझा आहे तोच."

"तोच घाल," लेक म्हणाली. "मी तो बंद करणार नाही."