अर्वोने ओतलेल्या गोळ्या

अर्वो केट्टुनेनने आयुष्यभर टाउनशिपचा बर्फ काढायचा ट्रक चालवला, पण गावात त्याचं नाव होतं ते गोळ्यांसाठी. त्याच्या कुठल्याही कोटाच्या खिशात हात घाला, रुमालाआधी शिशाची गोळी हाताला लागायची. दुकानातून काडतुसं विकत घेणाऱ्या माणसाबद्दल त्याला कीव वाटे. "घरात चूल असताना हा खानावळीत जेवतो," असं तो म्हणे, आणि मग कॉफीचा घोट घेऊन गप्प बसे.

आमचा हा मिशिगनचा वरचा भाग, सुपीरियर सरोवराच्या काठचा. गावातले निम्मे लोक फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांची नातवंडं. त्यामुळे गावात बोलणं कमी आणि कॉफी जास्त. माझं टायरचं दुकान. चाक थरथरू नये म्हणून रिमच्या कडेला शिशाचे छोटे तुकडे ठोकतात. जुने निघाले की मी ते दारामागच्या बादलीत टाकतो. बादली भरत आली की अर्वोला कसा कोण जाणे वास लागे.

"रूडी, माल आहे का?"

"आहे की. ने."

एवढंच आमचं बोलणं. बादली उचलून तो घरी जाई आणि सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, शेजारच्या पत्र्याच्या खोपीत ते शिसं वितळवत बसे. छोटी भट्टी, एक ओगराळं, लोखंडी साचा. वरची मळी काढायची, साच्यात शिसं ओतायचं, गार झालं की साचा उघडून गोळी जुन्या टॉवेलवर पाडायची. मेळाव्यात झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या तो वाकून वाकून गोळा करी. त्या धुऊन, दाबून, त्यांच्या बुडाशी नवी टोपी बसवून त्यात दारू भरायची आणि वर आपली गोळी बसवायची.

दारू मोजायचं काम मात्र त्याची बायको लेम्पी करी. लेम्पी आमच्या चर्चमधल्या दारूबंदी मंडळाची अध्यक्ष. रोज संध्याकाळी ती चष्मा लावून नवऱ्यासाठी दारू मोजते, यावर गावाने हसून घेतलं. पण त्यामागे कारण होतं. एकदा अर्वोने काट्यावरचा तीन आठ म्हणून वाचला होता. लेम्पी तेव्हा त्याला जेवायला बोलवायला खोपीत गेली होती. तिने काटा पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि स्टूल ओढून बसली.

"तू शिसं बघ," ती म्हणाली. "दारू मी बघते."

तेव्हापासून तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही पुंगळी पुढे सरकली नाही. अर्वो अजून धडधाकट आहे, तो त्यामुळेच.

आता त्याच्या रिव्हॉल्व्हरबद्दल सांगायला हवं. जंगलात अस्वलं असतात म्हणून त्याने ते घेतलं होतं. अस्वल काही कधी भेटलं नाही. पण अर्वोने त्या रिव्हॉल्व्हरला स्वस्थ बसू दिलं नाही. मूठ हाताला बसत नाही म्हणून सफरचंदाच्या लाकडाची नवी केली, मग अक्रोडाची, मग हरणाच्या शिंगाची. चाप जड वाटला म्हणून आतली स्प्रिंग बदलली. नळीच्या टोकावरची माशी, जिच्यावरून नेम धरतात ती, त्याने कानशीने घासली, लाल रंगवली, नारिंगी रंगवली, पांढरी रंगवली. शेवटी ती काढून त्याने स्वतः नवी बनवली आणि बसवली. ती डावीकडे झुकलेली होती. सगळ्यांना दिसत होतं. कुणी बोललं नाही.

बोलायला जागाही नव्हती, कारण अर्वोचा नेम लागत होता. आमच्या नेमबाजी क्लबचा शरद ऋतूत मेळावा भरतो. अर्वो मान तिरकी करून, एक खांदा वर काढून, शिंक अडकल्यासारखा चेहरा करून उभा राही आणि दरवर्षी दुसरा-तिसरा येई. एकदा क्लबचा अध्यक्ष टॉनो हिएतालाने ते रिव्हॉल्व्हर हातात घेऊन पाहिलं. शांतपणे नेम धरून त्याने गोळी झाडली, आणि भोक पडलं शेजारच्या माणसाच्या नेमाच्या फळ्यावर.

"हात बसावा लागतो," अर्वो म्हणाला.

"कुणाचा?" टॉनो म्हणाला आणि रिव्हॉल्व्हर परत दिलं.

दर नाताळात अर्वो क्लबातल्या प्रत्येकाला कॉफीचा एक डबा भरून ओतलेल्या गोळ्या भेट देई. दारू ज्याची त्याने भरावी. लोक झाकण उघडून आत बघत, थोडा वेळ बघत राहत, आणि म्हणत, "बऱ्याच आहेत." आमच्याकडे ही मोठी स्तुती समजली जाते. अर्वो खूश होऊन घरी जाई.

नोकरीच्या शेवटच्या काही हिवाळ्यांत गावात घरांसमोर रस्त्याकडेला खांबांवर बसवलेल्या टपालपेट्या पडायला लागल्या. लोक म्हणाले, थंडीने खांब सैल होतात. त्या फक्त अर्वोच्या ट्रकच्या वाटेवरच सैल होत होत्या, हे सगळ्यांनाच माहीत होतं. मग तो निवृत्त झाला आणि खांब घट्ट झाले.

हे असंच चाललं असतं, पण गाडीच्या परवान्याचं नूतनीकरण आलं. कचेरीतल्या बाईंनी सांगितलं, समोरच्या भिंतीवरची वरची ओळ वाचा.

"कुठल्या भिंतीवरची?" अर्वोने विचारलं.

लेम्पी मागेच उभी होती. तिने पुढे होऊन परवाना आपल्या पर्समध्ये टाकला आणि सरळ गाडीत बसून त्याला शहरात डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने उजव्या डोळ्यात बराच वेळ उजेड टाकून पाहिलं.

"मिस्टर केट्टुनेन, मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. तुम्हाला एकाच्या दोन वस्तू दिसतात का?"

"दिसतात."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग तुम्हाला त्याचा त्रास होत नाही?"

"नाही. त्यातली डावीकडची खरी असते."

डॉक्टरने लेम्पीकडे पाहिलं. लेम्पीने छताकडे पाहिलं.

शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा अर्वोने आधी खिडकी पाहिली, मग बायको पाहिली. बायकोकडे तो जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"तुझे केस कधी पांढरे झाले?"

"तू बर्फ काढत होतास तेव्हा."

घरी येताना तो रस्त्याच्या पाट्या मोठ्याने वाचत होता. अंगणात गाडी थांबली तसा वाचायचा थांबला.

"लेम्पी, आपलं घर जांभळं आहे."

"चार वर्षं झाली."

"मी राखाडी रंग आणला होता."

"तू जांभळा आणला होतास."

"मग बोलली का नाहीस?"

"मला आवडला."

वेलची घातलेला पाव आणि कॉफी घेऊन अर्वो खोपीत गेला. तिथे नाताळासाठी भरून ठेवलेला डबा होता. त्याने तो फळीवर पालथा केला. त्याच्या मनात त्या गोळ्या आरशासारख्या होत्या. फळीवर पडल्या त्या मनुकांसारख्या सुरकुतलेल्या, काळपट, काहींच्या कडा कुरतडलेल्या. लेम्पी सांगते, तो एक एक गोळी उचलून उजेडात धरत होता आणि खाली ठेवत होता, आणि कॉफी तशीच गार झाली.

मग त्याने रिव्हॉल्व्हर काढलं. ज्या मुठीवर त्याने एक अख्खा हिवाळा घालवला होता, तिच्यावर कानशीचे ओरखडे मांजराने नखं मारावीत तसे होते. माशी दारू प्यायलेल्या माणसासारखी खांद्यावर मान टाकून उभी होती.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन क्लबच्या मैदानावर गेला. मान सरळ ठेवून, खांदा खाली ठेवून त्याने पाच गोळ्या झाडल्या. फळा तसाच कोरा राहिला. मग त्याने सवयीप्रमाणे मान तिरकी केली आणि पुन्हा पाच झाडल्या. त्याही गेल्या. पूर्वी दिसायच्या त्या दोन माश्यांपैकी एक शस्त्रक्रियेत निघून गेली होती, आणि ते रिव्हॉल्व्हर नेमकं तिच्याच मापाने बेतलेलं होतं.

"डोळा दुरुस्त केला," अर्वो म्हणाला, "आणि पिस्तूल बिघडलं."

मी हसलो नाही. फार जड गेलं.

"त्याचं होईल काहीतरी. पण त्या गोळ्या परत घ्यायला हव्यात, रूडी. त्या कुणाच्या तरी नळीत अडकतील. आधी टॉनोकडे चल."

टॉनो गॅरेजमध्ये मासेमारीची पेटी आवरत बसला होता. अर्वोने सरळ विचारलं, "मी दिलेल्या गोळ्या आहेत का शिल्लक?"

टॉनोने पेटीचा खालचा कप्पा ओढून पुढे केला. त्यात अर्वोच्या गोळ्या रांगेने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यात भोक पाडून तारेची कडी अडकवलेली होती.

"हे काय आहे?"

"गळाचं वजन," टॉनो म्हणाला. "छान बुडतं."

"कधीपासून?"

"पहिल्या डब्यापासून."

"एकही झाडली नाहीस?"

"पहिल्या वर्षी झाडल्या थोड्या. मग नळीला चिकटलेलं शिसं खरवडता खरवडता ईस्टर आला."

अर्वो उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला. "आणि बाकीचे?"

टॉनोने माझ्याकडे पाहिलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाकीची मंडळी जानेवारीत टायर तपासायच्या निमित्ताने येत आणि आपापले डबे माझ्या दारामागच्या बादलीत रिकामे करत. मार्चमध्ये अर्वो येऊन ती बादली घेऊन जाई. हे त्याला समजायला थोडा वेळ लागला. तो बोटाने हवेत एक गोल काढत होता: बादली, खोपी, डबा, नाताळ, पुन्हा बादली.

"म्हणजे मी तेच शिसं पुन्हा पुन्हा वितळवत होतो."

"शुद्ध होत असेल की दर वेळी," टॉनो म्हणाला.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"नाताळ होता, अर्वो. नाताळात काय बोलणार माणूस."

अर्वो उठला आणि पायी घरी गेला. दोन आठवडे तो कॉफीला आला नाही. खोपीच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. लेम्पीला विचारलं तर म्हणाली, "आत बसलाय. सगळं बघतोय. बघू दे." अपमान झाला होता, पण नुसता तेवढाच नव्हता. इतकी वर्षं आपण काय करत होतो तेच आपल्याला दिसलं नाही, हे त्याला लागलं होतं.

शेवटी टॉनो एका रविवारी धुरावलेला ट्राउट मासा कागदात गुंडाळून त्यांच्या दारात गेला. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

"हा तुझ्या गोळीवर आलाय," तो म्हणाला.

अर्वोने मासा हातात घेतला. "केवढा होता?"

टॉनोने दोन्ही हात पसरून दाखवला.

"आता मला दिसतं, टॉनो."

टॉनोने हात थोडे जवळ आणले. लेम्पीने कॉफी ठेवली आणि तिघं जेवायला बसले.

त्यानंतर धूर पुन्हा निघायला लागला. अर्वो माझ्याकडे आला आणि बादली फरशीवर ओतून तुकडे निवडत बसला. निम्म्या तुकड्यांवर बारीक अक्षरं होती: जस्त. शिशात जस्त मिसळलं की ते लापशीसारखं घट्ट होतं आणि साचा नीट भरत नाही. ती अक्षरं त्याला कधी दिसलीच नव्हती. शिवाय त्या गारठ्यात तो साचा नीट तापायच्या आधीच शिसं ओतत होता. आता त्याने धीर धरला. नवी माशी कापली, सरळ बसवली. मूठ मात्र शिंगाचीच ठेवली. ओरखडे घासून काढले.

दारू मोजायच्या वेळी त्याने काटा स्वतःकडे ओढला. "आता मला वाचता येतं," तो म्हणाला.

"डोळा नवा आहे, डोकं जुनंच आहे," लेम्पी म्हणाली आणि काटा परत आपल्याकडे घेतला.

शरदातल्या मेळाव्यात अर्वो सरळ मानेने उभा राहिला आणि सहावा आला. इतका खाली तो कधीच आला नव्हता. आम्ही त्याच्याजवळ जाऊन गप्प उभे राहिलो, म्हणजे सांत्वन करत होतो. पण तो फळ्यावरची भोकं बघून खुशीत होता.

"या वेळी कुठे चुकलो ते दिसलं," तो म्हणाला.

त्या नाताळात डबे आले. गोळ्या लखलखीत होत्या, आणि लोकांनी त्या खरोखरच झाडल्या. टॉनो तेवढा हळूच विचारून गेला, जुन्यांपैकी काही उरल्यात का. नव्या फार गुळगुळीत होत्या, कडी टिकत नव्हती.

अर्वोबरोबर राहणं मात्र आता कठीण झालंय. त्याला सगळं दिसतं. पाद्रीबाबांच्या कॉलरवरचा डाग, टॉनोच्या बोटीच्या नंबरातला पुसलेला आकडा, भाच्याच्या दाढीत राहून गेलेला केस. गेल्या आठवड्यात तो माझ्या दुकानासमोर उभा राहून वर बघत होता.

"रूडी, तुझ्या पाटीवर तुझ्या आडनावातलं एक अक्षर राहिलंय."

"माहीत आहे."

"मग दुरुस्त करून का घेत नाहीस?"

"पाटी माझ्या मेहुण्याने रंगवलीय," मी म्हणालो. "फार हौसेने रंगवली होती."

अर्वोने पाटीकडे पुन्हा एकदा पाहिलं, मान हलवली आणि बादली उचलली.