‘छान आहे’च्या पुढं

वर्षा गेल्याचा तिच्या भावाचा फोन आला तेव्हा मी दुकानात ब्लाउज बेतत होते. कात्री कापडात तशीच राहिली... साधा ताप म्हणून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलेली माझी मैत्रीण, आदल्याच संध्याकाळी माझ्याशी तावातावानं बोललेली, गेली? आणि शेवटचं बोललो तरी काय आम्ही? आजाराचं नाही, घरचं नाही. पोरांच्या इंग्रजीचं!

कारध्याला वर्षाच्या घराच्या छपरीत दर रविवारी आठवी-नववीची पोरं इंग्रजीत लिहायला बसायची. ती शिक्षिका नव्हती, पतसंस्थेत कारकून होती. मला शिवण कळतं, इंग्रजीतलं ओ की ठो नाही. पण जिथंतिथं नाक खुपसायची खोड, म्हणून जाऊन बसायची. तिची पद्धत मला अजब वाटे. पोरं आपापलं लिहीत आणि कागद शेजारच्याला देत. शेजाऱ्यानं तो मोठ्यानं वाचायचा, पण हातात पेन घ्यायचं नाही. अडेल तिथं फक्त विचारायचं. दुरुस्ती करायची ती लिहिणाऱ्यानंच. “चुकलेलं दाखवून मोकळं व्हावं ना वं,” मी म्हणे. “तसं दाखवलं का पोट्टे लिवणंच सोडते,” ती म्हणायची.

प्रांजलीनं तर सोडल्यातच जमा होतं. शाळेत तिनं लिहिलं, ‘माय मदर इज प्लान्टिंग राइस अँड स्टेड.’ वर्गात हशा पिकला, आणि तेव्हापासून पोरगी कागद तळहातानं झाकून लिहायची. छपरीत तेच वाक्य पुन्हा आलं. वाचणारी पोरगी अडली. “आई थांबली? कुठं थांबली?” प्रांजली गोंधळली. “थांबली नाही वं. धानाचा रोवणा करून राहिली.” तेव्हा कुठं सगळ्यांची ट्यूब पेटली: ‘करून राहिली’ म्हणजे करतेय! आपण जाऊन राहतो, खाऊन राहतो, झोपूनसुद्धा राहतो. ते आपलं ‘राहणं’ बिचारं इंग्रजीत शिरलं होतं! मग पोरं आपल्याच बोलण्यातली ‘राहिली’ हुडकत बसली, प्रांजली सगळ्यांत पुढं. त्या दिवशी तिचा हात कागदावरून निघाला. मला इंग्रजी येत नसूनही काय मजा आली!

शेवटच्या संध्याकाळी वर्षाला घोर होता तो हिचाच. “प्रांजली लिवते आता. पण दुसऱ्याचं वाचलं का नुसतं ‘छान आहे’. खरं बोलाले भेते. जिले दुसऱ्याले विचारता येत नाही, तिचा आपल्या लिवण्यावर तरी भरोसा कसा बसन?”

“तू आधी बरी हो,” मी म्हटलं.

“तू ध्यान दे तिच्याकडं.”

मी काय ध्यान देणार, कपाळ! पण वर्षाच्या आठवणीचा हा लेख लिहायला घेतला आणि वाटलं, बघू तरी. रविवारी छपरीत गेले. पोरं कुणी न बोलावता आली होती. लेखाचा पहिला कागद मी प्रांजलीच्या हाती दिला. छापील मराठी तशी आम्हा दोघींनाही परकीच. ती वाचू लागली. ‘वर्षा कधी कुणावर रागावली नाही’ या वाक्याशी येऊन थांबली. मान खाली. आता येणार ‘छान आहे’, मी मनात म्हटलं.

“काकू... हे काहून लिवलं जी?”

“काहून म्हणजे?”

“ताई तं बहुत रागवे. हे लबाडी झाली जी.”

मान वर आली होती, नजर थेट माझ्यावर. खरं सांगते, आधी मला रागच आला. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का? आणि लगेच इतका आनंद झाला की वर्षाला फोन लावावासा वाटला.

“मंग कसं लिवू?”

“कशी रागवे, ते लिवा ना.”

मी तिथंच बसून लिहिलं: वर्षाला राग आला की ती बोलायची नाही. आमच्याकडं पाठ करून वेणी सोडायची, पुन्हा घालायची, आणि ती घालून होईस्तोवर सगळ्यांनी तिच्या पाठीकडं बघत बसायचं... प्रांजलीनं मोठ्यानं वाचायला घेतलं. ‘पाठीकडं’पर्यंत आली आणि अडली, वर्षा बसायची त्या रिकाम्या जागेकडं बघत.

तिनं काही विचारलं नाही. मीही ते वाक्य बदललं नाही.