यांना म्हणे तहानच लागत नाही
आमचे हे पत्र्याची छपरं घालतात. उन्हातान्हात, गेली चाळीस वर्षं. एकदा शिडी चढले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली उतरायचं नाही, आणि उतरावं लागू नये म्हणून पाणीही प्यायचं नाही. लघवीसाठी शिडी उतरणं म्हणजे यांच्या मते नवशिक्यांचं काम. अगदीच घसा कोरडा पडला तर एक घोट घ्यायचा, "भागली तहान" म्हणायचं आणि पुन्हा स्क्रू पिळायला लागायचं.

आमची लेक नर्स आहे. परवा जेवताना तिनं बापाची शाळा घेतली. "बाबा, घोट घशाखाली उतरला की मेंदू लगेच तहान बंद करून टाकतो. पाणी रक्तात पोचायला अजून वेळ असतो. त्यात तुम्ही उंचावर, सगळं लक्ष तोल सांभाळण्यात. तहानेकडे बघायला मेंदूला सवड कुठली? घाम मात्र चालूच. आणि वय झालं की तहान तशीही उशिरा लागते."

एवढं सगळं ऐकून झोंबलं ते फक्त वय. "माझा मेंदू मला विचारल्याशिवाय काही करत नाही," म्हणाले.

"चला, कुणीतरी विचारतं तुम्हाला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी यांचं काम चालू होतं त्या गोदामावर मी डबा घेऊन गेले. साथीदार खाली जेवायला बसलेले, हे एकटेच वर. "अहो, या जेवायला." उत्तर नाही. वाटलं, कालचा राग असेल. रुसण्यात यांचा पहिला नंबर. पुन्हा हाक मारली. यांनी वळून बघितलं आणि नुसते बघतच राहिले, मी कोण हे आठवत नसल्यासारखे.

मी साध्या स्टुलावरसुद्धा चढत नाही. पण बाटली काखेत मारली आणि शिडी धरली. अर्ध्यावर जीभ टाळ्याला चिकटली. घरून पोटभर पाणी पिऊन निघाले होते तरी. भीतीनं, दुसरं काय. म्हणजे माझ्या पोटात पाणी असून तोंड कोरडं, आणि यांच्या अंगात पाणी नसून तहान नाही. जोडी छान जमवली होती आईवडिलांनी.

वर पोचताच बाटली यांच्या हातात दिली. "बसा तिथंच. प्या."

यांनी एक घोट घेतला आणि बाटली परत केली. "भागली."

"भागली की नाही ते मी सांगेन."

घोट घोट करत अख्खी बाटली संपवायला लावली. मग साथीदारांनी दोघांनाही धरून खाली आणलं, आधी यांना, मग मला. सावलीत बसून मीठ-साखरेचं पाणी पोटात गेलं तेव्हा कुठे यांच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि लगेच आवाजही चढला. "तू कशाला चढलीस? पडली असतीस म्हणजे?"

"तुम्ही ओ दिली असती तर नसते चढले."

मग हळूच म्हणाले, "हाका ऐकल्या होत्या गं. दोन्ही. ओ द्यायची होती, पण काय बोलायचं तेच सुचेना. घाबरलो मी."

चाळीस वर्षांत हा शब्द यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मला रडूच आलं. यांनी माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या साथीदारांसमोर, कुणी न सांगता, पाण्यासाठी हात पुढे केला.