डोंगरात जिरवलेलं पाणी

निकासिओ गावचा पाटकरी. वितळत्या बर्फाचं पाणी डोंगराच्या कडेकडेने पाटातून आणायचं आणि मग, परक्या माणसाला शुद्ध वेडेपणा वाटावा, तसं ते मुद्दाम जमिनीत जिरू द्यायचं, हे त्याचं काम. वरच्या माळावर खडकाला भेग होती. पाट तिथे सोडला की पाणी गडप व्हायचं आणि ऐन उन्हाळ्यात, सगळीकडे ठणठणाट असताना, गावातल्या झऱ्याच्या लोखंडी तोटीतून बाहेर यायचं. गावात याला पाणी पेरणं म्हणत. एके काळी पाट उपसायला घरटी एक माणूस यायचा; वाइन, गाणी, शिव्या, सगळं असायचं. पुढे सिएरा नेवाडाच्या डोंगरांच्या कुशीतली ही माणसं एकेक करून समुद्राकडच्या, प्लास्टिकच्या छपराखालच्या शेतांवर कामाला गेली. मागे उरला निकासिओ, आणि झऱ्यासमोर राहणारी त्याची थोरली बहीण विर्तुदेस.

त्यांचं बोलणं म्हणजे भांडणच. "मेला नाहीस अजून?" ती सकाळी बादली भरताना ओरडायची.

"तुझ्या हातचं सूप खाऊनही जगलोय, बघ!"

एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. बिनलग्नाच्या माणसाला दुसरं होतंच कोण?

विर्तुदेसचा मुलगा फेर्मीन आईला आपल्याकडे किनाऱ्यावर न्यायला टपलेला होता. "झरा वाहतोय तोवर मी इथून हलायची नाही," ती ठणकावून सांगायची.

त्या वर्षी ईस्टरच्या तोंडावर निकासिओचा घोटा मुरगळला. सुट्टीला आलेला फेर्मीन म्हणाला, "मामा, तुम्ही गप पडून राहा. पाटाचं मी बघतो." खोरं घेऊन गेला आणि संध्याकाळी चिखलाने माखून, खुशीत परत आला. "एकदम पक्का केलाय पाट!" निकासिओने त्याची पाठ थोपटली.

जुलैत तोटीची धार करंगळीएवढी झाली, मग नुसती ठिबकू लागली. निकासिओ लंगडत वर गेला. खडकाची भेग पाटीसारख्या चपट्या दगडांनी आणि छपरावर थापतात त्या राखाडी मातीने छान लिंपून टाकलेली होती. पाटाच्या कामाला कधी न आलेल्या पोराला ती गळती वाटली होती. सगळं पाणी सरळ ओढ्यात वाहून गेलं होतं आणि डोंगरावर आता बर्फ नव्हता. निकासिओचं डोकं भडकलं. मग वाळलेल्या मातीवरचे फेर्मीनच्या बोटांचे ठसे त्याला दिसले आणि त्याला रागावताही येईना.

खाली झऱ्याच्या कोरड्या कुंडीपाशी विर्तुदेस उभी होती. शहरातून पाण्याचे कॅन घेऊन आलेला फेर्मीन ते गाडीतून उतरवत होता.

"काय झालं रे झऱ्याला?"

खरं सांगितलं असतं तर ती राहिली असती. पुढच्या वर्षी पाणी नक्की येणार होतं. पण फेर्मीन घामाघूम होऊन कॅन उचलत होता.

"बर्फच कमी पडला," निकासिओ म्हणाला.

द्राक्षं उतरायच्या आत ती गेली. बादली दाराजवळच्या खिळ्यालाच राहिली.

पुढच्या वसंतात त्याने एकट्याने पाट उपसला, कुदळीने ती माती फोडली आणि पाणी पेरलं. झरा वाहू लागला की ती येईल, असं त्याने मनात धरलं होतं. ऑगस्टमध्ये तोटीला मनगटाएवढी धार लागली. गल्लीत कुणीच नव्हतं. दोन-तीनदा त्याने स्वतःलाच मोठ्याने विचारलं, "मेला नाहीस अजून?" आणि तो ओशाळला.

एका दुपारी तो झऱ्यापाशी बसला असताना तिचा फोन आला. आवाज खुलला होता. "गुडघ्यांना इथे बरा आराम आहे. फेर्मीनची धाकटी माझ्याच कुशीत झोपते, सोडतच नाही मला." मग म्हणाली, "झरा आलाय का रे?"

निकासिओने खळखळणाऱ्या तोटीवर तळहात दाबून धरला. गार पाणी बोटांतून फुटून कोपरापर्यंत आलं.

"नाही," तो म्हणाला. "कोरडाच आहे."

"बरं झालं बाई! आला असता तर मला इथे राहवलं नसतं." मग नेहमीच्या तोऱ्यात, "आणि तू? मेला नाहीस अजून?"

"नाही," तो म्हणाला, आणि तिने फोन ठेवेपर्यंत त्याने तोटीवरचा हात काढला नाही.