खिशातला चष्मा

ताईला चष्म्याशिवाय हातभरापलीकडचं दिसत नसे. नंबर मायनस सातच्या पुढे होता. लग्न ठरताना आईने हे भावोजींना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले होते, ''मी आहे ना.'' एका कारखान्यात ते अधिकारी होते, बोलायला अतिशय मऊ. आम्ही सगळेच हरखलो होतो.

लग्नाला वर्ष होत आलं असेल. कॉलेजला अचानक सुट्टी मिळाली म्हणून मी न कळवता अंबरनाथहून बदलापूरला, कात्रपच्या त्यांच्या फ्लॅटवर गेले. ताईने दार उघडलं, पण मला ओळखलं नाही. ''कोण?'' म्हणाली. मी बोलल्यावर तिने माझा चेहरा हाताने चाचपला.

''ताई, चष्मा कुठाय?''

''हे घेऊन जातात.''

''कुठे?''

''कामावर. शर्टाच्या खिशात. संध्याकाळी आले की देतात.'' मग घाईघाईने म्हणाली, ''काळजीपोटीच गं. मी एकटी बाहेर पडले, रस्ता चुकले तर?''

दाराला कुलूप नव्हतं, कडीसुद्धा आतून होती. ती भाजी चिरत होती आणि बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

दिवाळसणाला ती माहेरी आली, तेव्हा मी तिला उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या एका चष्म्याच्या दुकानात नेलं आणि दुसरा चष्मा करून घेतला. तो घालून ती बाजारभर नुसती पाट्या वाचत फिरली. सासरी परतल्यावर तिने तो तांदळाच्या डब्यात लपवला.

महिन्याभरात भावोजींना सापडला. ते ओरडले नाहीत. रविवारी पेढे घेऊन आमच्याकडे आले आणि चष्मा बाबांच्या पुढ्यात ठेवला. ''बाबा, तिला माझ्या घरात काय कमी आहे, ते तुम्हीच विचारा. बायकोने नवऱ्यापासून वस्तू लपवायच्या म्हणजे...'' त्यांचे डोळे भरून आले होते. बाबांनी त्यांची माफी मागितली. ते गेल्यावर मला म्हणाले, ''दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसू नकोस.''

नंतर भावोजींनी ताईशी बोलणंच सोडलं. दीड महिना एक शब्द नाही. समोर बसून जेवायचे आणि ताट सरकवून उठायचे. ताई म्हणायची, ''आपण घरात आहोत की नाही, तेच मला कळेनासं झालं.''

एका दुपारी ती तशीच, चष्म्याशिवाय निघाली. जिन्याचा कठडा आणि मग भिंती धरत रस्त्यापर्यंत आली आणि रिक्षावाल्याला आमचा पत्ता तोंडपाठ सांगून शिवमंदिराजवळ आमच्या दारात उतरली. दोन्ही गुडघे फुटले होते.

बाबा तिला परत सोडायला निघाले, तेव्हा तिने दाराची चौकट सोडली नाही. मी तिला घेऊन पोलीस चौकीत गेले. हवालदाराने नीट ऐकून घेतलं.

''हात उचलतात?''

''नाही.''

''दारू?''

''नाही.''

''हुंड्यासाठी छळ?''

''नाही.''

''मग ताई, मी लिहू काय? नवऱ्याने चष्मा ठेवून घेतला, असं?'' पलीकडच्या टेबलावरचा शिपाई हसला. हवालदार मात्र हसला नाही. ''घरी जा,'' म्हणाला. ''माणूस वाईट दिसत नाही.''

ताई परत गेली नाही. दोनेक वर्षांनी भावोजींनी घटस्फोटाचा दावा लावला. आमचा वकील म्हणाला, मानसिक छळ कायद्यात आहे, पण साक्षीदार कोण? मी साक्ष दिली. समोरच्या वकिलाने विचारलं, तिला घराबाहेर पडायला कोणी कधी अडवलं होतं का? खरं सांगायचं तर दाराला कुलूप नव्हतं. मी तसंच सांगितलं.

निकालात लिहिलं होतं, पत्नीने सबळ कारणाशिवाय पतीचं घर सोडलं. ताईने तो कागद स्वतः, नव्या चष्म्यातून, दोनदा वाचला. बाबा पुढे कितीतरी वर्षं, पाहुण्यांसमोरसुद्धा, म्हणत राहिले की जावई लाखात एक होता, आमच्याच मुलीला नांदता आलं नाही.