रामधनकाकांची दुसरी शिकवणी

रामधनकाका सनई शिकवताना शिष्याकडे पाठ करून बसत. "तोंड दिसलं का मले दया येते. मंग चूक आयकूच येत नाही," असं त्यांचं म्हणणं.

मारेगावच्या शाळेत शिकवत असताना, ऐन चाळिशीत मला सनईची ओढ लागली. काका जवळच्याच तांड्यावर राहत. शेती सांभाळून लग्नांत वाजवत. माझी सनई पहिल्यांदा किंचाळली तेव्हा ते पाठमोरेच म्हणाले, "बाई, वारा लोटून काहून राह्यल्या? सनईची पत्ती ओठानं धरा, दातानं नाही. अन् गालाचे फुगे करू नोका."

दोन महिने त्यांनी मला एकच सूर वाजवायला लावला. तो कधी सुरू झाला ते कळू नये आणि संपताना तुटू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते जमलं त्या दिवशी काकांनी नुसती मान हलवली. मी आठवडाभर हवेत होते.

पुढच्या वर्षी काकांचे वरचे दात काढावे लागले. यवतमाळहून कवळी आली, पण सूर फाटू लागला. त्यांनी सनई कापडात गुंडाळून पेटीत ठेवून दिली. पुतणीचं लग्न मात्र दीड महिन्यावर आलं होतं, आणि वाजवायचा शब्द त्यांनी तिला दिला होता.

एका रविवारी ते सनई घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "आता तुमी पाठ करून बसा, अन् मले शिकवा."

मला अवघडल्यासारखं झालं. पाठ करून बसले. ते वाजवत होते, मी गप्प.

"बोला ना! कायले भेता?"

"काका, तुम्ही पत्ती कवळीनं दाबताय."

मागून ते खो खो हसले आणि पहिल्या सुरापासून पुन्हा शिकायला बसले. दर रविवारी, लग्नापर्यंत.

मांडवात ते तासभर वाजवत होते. सूर भरीव, मऊ होता. माझे डोळे भरून आले. पाहुणे मात्र गप्पांत आणि जेवणात दंग. मला वाईट वाटलं.

"काका, कोणी काहीच म्हटलं नाही हो."

"मंग बरा वाजला असन," काका समाधानानं म्हणाले. "बिघडला असता त सारा तांडा बोलला असता."

"हिचं काम झालं," म्हणत त्यांनी कवळी काढून रुमालात बांधली आणि बुंदी वाढणाऱ्याला हाक मारली.